साडूंच्या ऑर्गनवरचा गणपती

आमच्या बुऱ्हाणपूर भागात भलेभले हात टेकतात ते दोघांपुढेच: एक असीरगडचा किल्ला आणि दुसरे माझे थोरले साडू. त्यातही किल्ला निदान फितुरीने पडला, असं म्हणतात. साडू त्यानेही पडत नाहीत. हे मी खात्रीने सांगतो, कारण फितुरी करून पाहणारा मीच.

गृहस्थांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण पाढ्यांपेक्षा ‘नाही’ हा शब्द त्यांना अधिक पाठ. डॉक्टरांनी मावाजिलबी बंद करायला सांगितली, तर यांनी डॉक्टर बंद केला. गल्लीत सगळ्यांनी मोटारसायकली घेतल्या, तेव्हा यांनी नवी सायकल आणून पेढे वाटले. शाहपूरच्या एका लग्नात वरात दोन तास उशिरा आली, तर पत्रिकेत छापलेल्या वेळेला रिकाम्या मांडवात यांनी एकट्याने अक्षता टाकल्या आणि जेवून घरी आले. वर मलाच म्हणाले, “मुहूर्त म्हणजे मुहूर्त, पाव्हणे. नवरदेव येवो का न येवो.”

या हट्टाचं शिखर म्हणजे त्यांच्या बैठकीतला ऑर्गन. भात्याची पेटी नव्हे. विजेवर चालणारा, पट्ट्यांच्या दोन ओळींचा, कपाटाएवढा, खटका दाबला की आपोआप ताल धरणारा जुना विलायती ऑर्गन. खंडव्याची एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली तेव्हा यांनी तो घेतला आणि केळीच्या ट्रकमधून, केळीच्याच पानांत गुंडाळून आणला. दारातून जाईना, म्हणून चौकट उखडून आत घेतला आणि चौकट पुन्हा पक्की बसवून टाकली. तो परत जाण्याचा प्रश्न त्याच दिवशी मिटला, असं त्यांचं मत.

यंदा मात्र सुनेने कंबर कसली. ती घरी ब्लाउज शिवते आणि तिची मशीन ओसरीत, पावसाच्या झडीत. “पप्पाजी, मशीन काय छतावर ठेवू? आता तर कोणी वाजवत पण नाही ना त्याला!” तिचं काही चुकत नव्हतं. म्हणून मी गुपचूप जुनी वाद्यं विकत घेणारा इंदूरचा एक शौकीन गाठला. त्याला सुट्टी गणेशचतुर्थीचीच होती. तो दुपारी टेम्पो घेऊन हजर झाला, तर ऑर्गनवर मखर, मखरात गणपती आणि समोर हात जोडून साडू!

“बसलेला देव विसर्जनाआधी हलवत नाहीत, हे काय मी सांगू तुम्हाले?”

इंदूरवाला भाविक होता. नमस्कार करून म्हणाला, “दीड दिवसाचा ना? परवा येतो.”

“यंदापासून दहा दिवसांचा,” साडू म्हणाले. त्या घरात तीन पिढ्या दीड दिवसाचा गणपती होता! आणि ते दहा दिवस काय सांगावे? साडू आरतीला फक्त ‘रुंबा’ लिहिलेला खटका दाबायचे आणि गल्लीतल्या साऱ्या बायाबापड्या त्या परदेशी ठेक्यावर टाळ्या वाजवत आरती म्हणायच्या. सूनसुद्धा हसता हसता घामाघूम व्हायची.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. आदल्या संध्याकाळी तापीच्या राजघाटावर विसर्जन करून आम्ही घरी आलो. बैठक भकास वाटत होती. मला फितुरीची लाज वाटू लागली. म्हटलं, “दादा, ऑर्गन जायच्या आधी एकदा वाजवा तरी.”

ते बाकावर बसले. हात पट्ट्यांवर ठेवले. तीन बोटं सरळच होईनात.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “सांगून काय करू? सगळे म्हणतील, मग विकूनच टाका.”

सून दारातच उभी होती. “मला तर सांगायचं ना, पप्पाजी,” एवढंच ती म्हणाली.

मग साडू उठले, कोपऱ्यातला आपला पलंग स्वतः ओढू लागले आणि आमच्यावरच ओरडले, “बघता काय? हा ओसरीत टाका, इथे मशीन येऊ द्या. ऑर्गन जाणार नाही!” सुनेने पलंगाचं दुसरं टोक धरलं. इंदूरला फोन मीच केला.

आता मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. ते मला बाकावर बसवतात, शेजारी बसून सूर सांगतात आणि चुकलो की मांडीवर चापट मारतात. मला काही हे वाद्य येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी मी उठायला लागलो की ते म्हणतात, “बसा हो पाव्हणे, अजून एकदा.” आणि मी बसतो.