कोयत्याकडे वळलेली सुई

दसऱ्याला हत्यारं पुजायची म्हणून कोयता खुंटीवरून काढतो. पात्याला गोडेतेल चोळलं की एक कडवट, ओलसर वास सुटतो. त्या वासामागून मार्कंड्या डोंगराचं धुकं येतं, भिजलेलं गवत येतं आणि बायकोचा आवाज येतो, "अहो, बसू जरा. दम लागला." मग देव्हाऱ्यासमोर बसूनही मान वर करवत नाही.

मी चौथी शिकलेला. जन्म वणीकडचा, हयात गेली ओझरकडे लेथवर, लोखंड कापण्यात. नव्वदच्या पुढेमागे कारखान्यातल्या मंडळींना डोंगराचा नाद लागला आणि मी त्यांचा वाटाड्या झालो. भाकरी-पिठल्याचं बघायला बायको यायची. आमच्यातल्या एका साहेबांनी नकाशा आणि होकायंत्र शिकवलं. आधी नकाशा उत्तरेला लावायचा, समोरचे डोंगर त्यावर ओळखायचे, मगच पाऊल टाकायचं. होकायंत्राजवळ लोखंड आणायचं नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं म्हणे. मी लांब बिडी ओढत बसलो होतो. मला डोंगर काय शिकवता, या मस्तीत. ती कांदा चिरता चिरता ऐकत होती.

पहिल्याच खेपेला ती म्हणाली, "अहो, तो कमरेचा कोयता..." मी सगळ्यांदेखत तोडलं, "तू चूल बघ. दिशा मला कळती." लोक हसले, तीही हसली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

तेव्हापासून तिला दम लागायला लागला. वाटेला फाटा फुटला, ढग खाली उतरले, की मी होकायंत्र काढायच्या आत ही दगडावर टेकलेली. "कोयता द्या इकडं, काठी तासते." मी द्यायचो आणि तोंड सोडायचो, "तुझ्यापेक्षा म्हैस बरी चढली असती." "लय दमते हो मी," म्हणत ती कोयता घेऊन लांब जाऊन बसायची. इकडे माझी सुई सरळ उत्तरेला. वाट सापडायची आणि मी छाती काढून पुढे.

ती तापाने गेली. पुढच्या पावसाळ्यात घर खायला उठलं म्हणून एकटाच मार्कंड्यावर गेलो. उतरताना धुकं दाटलं. होकायंत्र पोटाशी धरून सुईच्या भरवशावर खिंडीकडे निघालो. गवत संपलं, पायाखालचा मुरूम निसटायला लागला आणि वारा खालून थेट तोंडावर आला. पुढे कडा होता. जागच्या जागी बसलो आणि हाळी घातली.

शहरातली काही पोरं आली. एका मुलीच्या हातात जीपीएसचं यंत्र होतं. "बाबा, खिंड पार दुसरीकडे राहिली." मी चिडून होकायंत्र पुढे केलं, "मग हे खोटं बोलतंय?" तिने माझ्या कमरेकडे पाहिलं. "कोयता जरा लांब ठेवता?" ठेवला. सुई हलली, फिरली आणि भलतीकडेच जाऊन थांबली. "लोखंड ओढतं तिला," मुलगी हळूच म्हणाली. मागून एक पोरगा कुजबुजला, "आजोबांना कुणी सांगितलं नसेल."

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यांच्या मागून उतरताना आठवलं, सप्तशृंगीच्या पायऱ्या ती बायकांबरोबर न थांबता चढायची आणि वर पोचून बाकीच्यांची वाट बघायची. दमणारी बाई नव्हतीच ती. माझ्या जिभेला भिऊन म्हणा, माझा मान राखायला म्हणा, तिने आम्हा सगळ्यांना कड्यापासून लांब ठेवलं, आणि वर म्हैस म्हणवून घेतलं. लोखंडात हयात घालवलेल्या माणसाला एवढं कळू नये?

जावयाने आता जीपीएस आणून दिलंय. पोरं म्हणतात, यात चूक होत नाही. नसेल होत. कोयता मी घरीच ठेवतो. चढावर हल्ली मला खरोखर दम लागतो, दगडावर टेकतो, तर हात आपोआप कमरेकडे जातो आणि मग रिकामाच, काहीतरी द्यायला निघाल्यासारखा, बाजूला पुढे होतो.