कुसाबाईंचा डोंगरातला मुक्काम

मखमलाबादच्या कुसाबाईंना सुट्टी ठाऊक नव्हती असं कुणी म्हणालं, तर ते साफ खोटं आहे. संक्रांत उरकली की वर्षातून एकदा त्या सुट्टी घेत, आणि एकट्या घेत नसत. फुलबाजारातल्या आठ-दहा जणींना बरोबर ओढून नेत. घरच्या फुलांच्या टेंपोत पेंढा पसरायचा, त्यावर सतरंज्या टाकायच्या आणि चोपड्याच्याही पुढे, सातपुड्याचा पायथा गाठायचा. तिथे डोंगरातून गरम पाण्याचे झरे येतात. झाडांना ताडपत्री बांधायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि अंग सैल होईपर्यंत पाण्यात बसून राहायचं. बारा महिने दवात भिजत फुलं तोडणाऱ्या त्या बायकांना हे पाणी माहेराहून गोड वाटे. "माहेरी भावजयीचं तोंड बघावं लागतं. इथं नुसतं पाणी," असं कुसाबाई म्हणत.

एक्याण्णव साली हे खूळ त्यांनी काढलं, तेव्हा नवऱ्यानं कपाळाला हात लावला होता. त्यांचं नाव कारभारी. पण घरचा कारभार कुणाकडे होता, हे सांगायला नको. दुसऱ्या वर्षापासून ते मुकाट्यानं टेंपो चालवू लागले.

मुक्कामाचे कुसाबाईंचे नेम ठरलेले होते. नाशिकहून फुलं न्यायची, तिथेच हार गुंफायचा आणि झऱ्यावरच्या देवाला घालायचा. मग पाण्यात एकीमागे एक बसायचं आणि प्रत्येकीनं पुढचीची पाठ चोळायची. कुणापुढे कोण बसेल हे निवडायचं नाही. जाऊ असो, वैरीण असो, पुढे पाठ आली की चोळायची. निम्मी भांडणं तिथेच मिटत.

सत्त्याण्णव साली त्यांनी सुनेला नेलं. रूपाली सिन्नरची, हाताची मोठी चपळ. हार ओवायला बसली की बघणाऱ्याची नजर ठरत नसे. पण लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिच्या बोटांवर पांढरे डाग उमटले. कोड आहे, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ते गिऱ्हाइकांना कोण सांगणार? "देवाला न्यायचाय, त्या बाईंच्या हातचा द्या," असं म्हणत लोक तिच्यासमोरून शेजारी सरकू लागले. त्या पाण्यानं डाग जातात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. गेले तर ठीक. नाही गेले तर पुन्हा बाजारात बसायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. सासूला मात्र त्यातलं काही बोलली नव्हती.

टेंपो पोचला तेव्हा ऊन कलत आलं होतं. कुसाबाईंनी फुलांची पाटी सरळ रूपालीपुढे ठेवली.

"औंदा देवाचा हार तू कर."

शकुबाई नावाची एक जुनी माळीण होती. तिनं नाक मुरडलं. रूपालीला धडकीच भरली. फुलं प्रवासात मलूल झाली होती, म्हणून रोजच्या सवयीनं तिनं पाटीवर गोणपाट पांघरलं, जवळच्या पाटातून बादली भरली आणि घाईघाईनं त्यावर ओतली. वर आणखी एक ओतली. वाफ दिसली तेव्हा पाट गरम झऱ्याचा आहे, हे तिच्या ध्यानात आलं. गोणपाट उचललं, तर खाली शेवंतीची भाजी झालेली. फुलवाल्यांच्या घरातली बाई आणि तिनं फुलं उकडून ठेवली!

"बघा! देवालाच नको व्हता तो हात," शकुबाई म्हणाली.

रूपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुसाबाई आल्या, मूठभर फुलं उचलून त्यांनी वास घेतला.

"मीठ कमी हे," त्या म्हणाल्या. मग शकुबाईकडे वळल्या. "पाणी त्याचं, डोंगर त्याचा. त्यानंच शिजवली, आता त्यानंच ल्यावी. ओव गं पोरी."

रूपालीनं रडत रडत हार ओवला. वाळत घातलेल्या मेथीसारखा दिसत होता बिचारा. तरीही कुसाबाईंनी तो दोन्ही हातांनी देवाला घातला आणि इतक्या भक्तीनं हात जोडले, की बाकीच्यांनाही जोडावे लागले.

पुढे पाण्यात उतरायची वेळ आली. रूपाली मागे बसली, हात पाण्याखाली लपवून. तिच्यापुढे मात्र कुणीच बसेना. एकीला अचानक थंडी वाजली, दुसरीला चुलीवरची डाळ आठवली. कुसाबाईंची जागा सगळ्यांच्या पुढे असे. त्या उठल्या, पाणी कापत मागे आल्या आणि सुनेकडे पाठ करून बसल्या.

"चोळ. बोटांनी चोळ, नुसतं पाणी नको ओतू."

वाकून वाकून मणका न् मणका वर आलेली ती पाठ रूपालीनं पहिल्यांदाच उघडी पाहिली. तिनं हात वर काढले. पाठ चोळता चोळता हळूच विचारलं, "आत्याबाई, डाग जातील ना?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! पण कुसाबाई खोटं बोलल्या नाहीत.

"नाय जायचे गं. इतकी वर्सं येते मी, माझे गुडघे थांबले का दुखायचे? पाण्यानं बरं वाटतं, एवढंच. डाग ऱ्हाऊ दे नायतर जाऊ दे, माझ्याशेजारची जागा तुझी हे."

रूपालीचे हात थांबले. पोटातून हुंदका आला, तो तिनं अडवला नाही. कुसाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही, पाठही हलवली नाही. तेवढ्यात आक्काबाई, बाजारातली सगळ्यात तोंडाळ बाई, पाणी उडवत आली.

"झालं का सासू-सुनेचं? सरक कुसे, माझी पाठ कवाची खाजती."

मग एकेक जण येत गेली. शकुबाई मात्र आली नाही. ती पलीकडे एकटीच अंग धुऊन गेली आणि पुढेही तशीच राहिली. असतात काही माणसं अशी. त्यांना उकळत्या पाण्यात घातलं तरी ती मऊ पडत नाहीत.

परतल्यावरच्या सोमवारी रूपाली बाजारात आली. एक बाई थांबली, तिनं रूपालीच्या बोटांकडे पाहिलं आणि कुसाबाईंच्या पुढ्यातल्या हाराकडे बोट केलं.

"तो द्या, तुमच्या हातचा."

कुसाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण रूपाली आधी बोलली.

"तो बी मीच केलाय, ताई."

ती बाई घुटमळली आणि पुढच्या दुकानाकडे निघून गेली. हातचं गिऱ्हाईक गेलं. कुसाबाईंनी फुलांची पाटी सुनेपुढे सरकवली. रूपालीनं सुईत दोरा ओवला आणि पुढचा हार करायला घेतला.