कापसाची खाज

सौसरहून आलेल्या बाईंनी माझ्या टेबलावर पिशवी ठेवली आणि मुलाला पुढं केलं. "कापसात खेळला का याचं सारं अंग खाजून राहते, मॅडम. म्हणून घरचाच कापूस आणला, तपासाले."

मुलांच्या ॲलर्जीवर संशोधन करण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. मायलेक गेल्यावर मी पिशवीची गाठ सोडली आणि सरकीचा कोंदट, तेलकट वास आला.

लहानपणी मोहगावला आमच्या पुढच्या खोलीत वेचणीचा कापूस अर्ध्या भिंतीपर्यंत भरलेला असे. एका दुपारी शाळेतून आल्या आल्या मी खिडकीत चढले आणि त्यात उडी घेतली. आत उन्हाची ऊब अजून शिल्लक होती. बाहेर आले तेव्हा पाठभर लाल गांधी उठल्या होत्या.

"कोनं सांगतलं होतं तुले कापसात लोळाले?" म्हणत आईनं मला मांडीवर पालथं घातलं. कापूस वेचून तिचे तळहात खरखरीत झाले होते. ते पाठीवरून सावकाश फिरू लागले.

"थांबली का खाज?"

"नाही."

पुन्हा विचारलं, पुन्हा नाही.

"कवाचीच थांबली, मले समजते," आई म्हणाली. पण हात फिरवत राहिली.

त्या खाजेचं कारण आज मला पेशीपर्यंत ठाऊक आहे. ऐकायला आई नाही.

मी बाही वर सारली, पिशवीतला कापूस हातावर घासला आणि खाज सुटायची वाट बघत बसले.

सुटली नाही.