आरशातही न बसलेली आकृती

माझ्या विद्यार्थिनीनं माझ्या प्रबंधात दाखवलेली चूक खरी होती, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

माझं काम चार मितींतल्या आकृतींचं. तिथं सहाशे सुसम चतुष्फलक, म्हणजे चार समभुज त्रिकोणांचे घन, जोडून एक बहिर्वक्र, कुठंही आत न दबलेली आकृती होते. तिचा कोपरा छाटला की त्या जागी वीस समभुज त्रिकोणांची घनाकृती येते. शेजारशेजारचे कोपरे सोडून कुठलेही छाटा, सगळ्या बाजू सुसमच राहतात. अशा वेगवेगळ्या आकृती किती, हे ठरवणं म्हणजे वर्गीकरण. यातलं काही हातात धरून बघता येत नाही. म्हणून मी कुठला छाट कुठल्या छाटाला कसा टेकतो तेवढंच बघायचो. टेकणं जुळलं की दोन्ही आकृती एकच धरायचो. त्याच प्रबंधावर नांदेडला विभागप्रमुख झालो.

ती किनवटकडची, वसतिगृहात राहून शिकलेली. माझ्याकडेच पीएच.डी. करत होती. एका दुपारी माझा प्रबंध घेऊन केबिनमध्ये आली. मी एकच धरलेल्या दोन आकृतींवर तिनं बोट ठेवलं.

"सर, या दोन्हींत टेकणं सारखंच हाय, पण ही कशीबी फिरवली तरी तिच्यावर बसत न्हाई."

"आरशातलं रूप असेल. ते आपण एकच मोजतो."

"आरशातबी बसत न्हाई, सर. करून बघितलं."

"घाई केलीस. सोड ते."

तिनं सोडलं. आधी ते प्रकरण, मग हळूहळू संशोधनच. ती केबिनमध्ये येऊन गेली त्याच आठवड्यातल्या रविवारी मी घरी सगळं पुन्हा मांडून बघितलं होतं. खरंच बसत नव्हतं. सोमवारी ती समोर आली, तेव्हा मी हॉस्टेलचं जेवण बरं असतं का, एवढंच विचारलं.

परवा लातूरला पेपर तपासायला गेलो, तिथं भेटली. आता निलंग्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. चहा घेताना हसत म्हणाली, "काय सर, अजून कोपरेच छाटून राहिलात का?" मग म्हणाली, "पोरांना मी माझीच गोष्ट सांगते. घाई केली की आरशातलं रूपबी वेगळं वाटतं, म्हणून."

मी नुसतं "हाव" म्हणत होकारार्थी मान डोलावली.

चूक तिची नव्हती, माझी होती, हे मला तिला तोंडावर सांगायचं आहे. आणि वर्गीकरणाची दुरुस्ती तिच्या नावानं छापायला द्यायची आहे. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.