राणीचे तीन शब्द

चारशे वर्षांपूर्वी इंग्रजी नटाच्या हातात अख्खं नाटक कोणी देत नसे. त्याला मिळायची फक्त स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते कानावर पडले की बोलायचं, तोवर गप्प. आदिलाबादच्या कॉलेजात मी जन्मभर हेच शिकवत आलो. पोरं जांभया देतात. मला अजून कंटाळा येत नाही.

वर्गाची तयारी शहरालगतच्या मावला गावातल्या आमच्या घरी व्हायची. बायकोला इंग्रजी येत नाही, म्हणून एका प्रवेशातल्या राजाच्या भाषणाआधीचे राणीचे तेवढे तीन शब्द मी तिला देवनागरीत लिहून दिले होते. दरवर्षी तो प्रवेश आला की ती ज्वारी निवडता निवडता ते म्हणायची आणि मी राजा होऊन गरजायचो.

एकदा तिनं विचारलं, "अहो, या राणीचं शेवटी काय होते?"

"तुला काय करायचं? तू आपले तीन शब्द बोल," मी म्हणालो. शिंगं फुटली होती मला, दुसरं काय! तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीचं बाळंतपण झालं आणि बायको हैदराबादला गेली, दोन महिने म्हणून. लेकीची नोकरी, लहान नातू. मुक्काम लांबत गेला. मध्ये एकदा तिनं फोनवर विचारलं होतं, "येऊ का मी?" मी म्हणालो, "तुझी मर्जी." घर खायला उठतं, हे काही सांगितलं नाही. कुकरमध्ये एका माणसाचा भात धड होत नाही, तेही नाही.

परवा रविवारी दुपारी फोन लावला. आज म्हणायचंच, परत ये. तोंडातून निघालं, "उद्या राजाचा प्रवेश शिकवायचा आहे. राणीचे शब्द आठवतात का?"

तिकडे नातवाचा गलका चालला होता. त्यातच तिनं ते तीन शब्द म्हटले, एकही न चुकता.

"मी तं बोलली," ती म्हणाली. "आता तुमी बोला न."

मी राजाचं भाषण म्हटलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, इंग्रजीत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.