भुलोबा रुसला, शेतात बसला

शंकर-पार्वतीचं भांडण आमच्या घरात मी लावलं.

कोजागिरीला भुलाबाईची गाणी म्हणायला गल्लीतल्या पोरी आमच्याकडे येणार होत्या. माझ्या लेकीचा, मुक्ताचा, हा पहिलाच नंबर. गाणी संपली की बंद डबा हलवून दाखवायचा आणि आतली खिरापत पोरींनी आवाजावरून ओळखायची. माझ्या आईची खिरापत राळेगावात आजवर कोणाला ओळखता आली नाही. त्यामुळे मुक्ताचे पाय सकाळपासून जमिनीवर नव्हते.

"बाबा, भुलाबाई म्हणजे कोण?" तिनं विचारलं.

इथं मी गप्प बसायचं. पण नाही! मी सांगत सुटलो. पार्वतीनं सारीपाटात शंकराला हरवलं, तो रुसून रानात गेला, ती भिल्लीण होऊन मागं गेली आणि तो भुलला. म्हणून तो भुलोबा, ती भुलाबाई.

"महादेव हरलेच नाही," माझे वडील, म्हणजे आबा, पलंगावरून म्हणाले. "तिनं सोंगट्या सरकवल्या असतीन."

"हरले ना," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "अन् वरून रुसले. माणसाची जातच तशी."

वाद मिटावा म्हणून मी माझ्या मोबाइलवर त्यांना लुडो लावून दिला. (काय ही अक्कल!) आबा हरले. चपला घातल्या आणि तरातरा शेतात निघून गेले.

"आई, आता तू जा. गोष्टीत पार्वतीच जाते."

"मी काहून जाऊ? मी तं जिंकली."

दूध आटत आलं तरी आबांचा पत्ता नाही. शेवटी आई पुटपुटत उठली, एक पिशवी भरली, माझाच मोबाइल उचलला आणि ऑटोत बसली. "आत्ता घेऊन येतो त्यायले."

आई आली नाही. पोरी आल्या. गाणी झाली, आणि डबा हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डबा हलका लागला, पण आईचा हात तसा आखडताच. मी जोरात हलवला. आवाज शून्य.

"वाजत नाही, म्हणजे शिरा!"

"उपमा!"

"काका, गोड हाय का तिखट?"

"असं सांगत नसतात," मी ऐटीत म्हणालो. मला तरी कुठं माहीत होतं!

पोरी थकल्या. "हरलो काका." मुक्तानं नाचत झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. तिचा चेहरा पडला, ओठ थरथरायला लागले.

"बाबा, तुम्ही खाल्ली?"

सगळ्या पोरी माझ्या पोटाकडे बघायला लागल्या. मी बायकोचा फोन घेतला आणि माझ्याच नंबरवर लावला. आईच्या तोंडात घास होता.

"आई, खिरापत कुठं हाय?"

"तुह्या बापाले मनवाले आणली ना. खाऊन राह्यले, अन् खेळून बी राह्यले. ठेव फोन, माही सोंगटी मरून राह्यली."

"अवं, पोरगी रडून राह्यली इथं! काय होती ते तरी सांग, मी दुकानातून आणतो."

"ओळख," आई म्हणाली.

आणि भर अंगणात, रिकामा डबा काखेत धरून, सगळ्या पोरींसमोर मी विचारलं, "गोड हाय का तिखट?"