कुंकवाच्या पुडीवरच्या रेघा

नेहरू नगरात कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. विचारायची इच्छाही नाही, इतका मला त्याचा राग आहे.

सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरमध्ये मी कुंकवाच्या पुड्या भरते. एक सुपरमार्केटवाला त्या घ्यायला तयार झाला, फक्त त्यांवर बारकोड हवा होता. या कॉम्प्युटरवाल्यानं एक्सेलमध्ये नंबर टाकला, फॉन्ट बदलला आणि आकड्यांच्या रेघा झाल्या. छापलेलं पहिलं पान त्यानं कपाळाला लावलं, मग बाकीचे स्टिकर माझ्या पुड्यांवर स्वतः चिकटवून गठ्ठा बांधून दिला.

सुपरमार्केटच्या काउंटरवर एकही पुडी वाचली गेली नाही. स्कॅनरच्या लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. सगळा माल परत आला.

मी गठ्ठा त्याच्या टेबलावर आपटला. "भाऊ, रेघा लाल कावून केल्या?"

त्यानं माऊस शांतपणे बाजूला सरकवला. "ताई, कुंकू सवाशिणीचं. त्याच्यावर काळ्या रेघा मी नाही ओढत."

"मशीनले वाचता येत नाही ना!"

"मशीनले कुठं कुंकू लावा लागते?"

मी दुसरीकडून काळे स्टिकर छापून आणले. माल आता खपतो. पण देवीपुढं पुडी ठेवताना माझाच हात ती काळी बाजू खाली करतो, आणि मला त्या माणसाचा नव्यानं राग येतो.